पुसलेला थेंब

या अंकासाठी मी लिहावं असं संपादकांनी ठरवलं, तेव्हा ते माझ्या गिरगावातल्या दुकानात उभे होते आणि मी त्यांच्या वडिलांच्या फोटोला काच बसवत होतो. "एवढी वर्षं चित्रकारांत वावरलात, गमतीजमती असतीलच की!" मी म्हटलं, "बघू." माझी बायको म्हणते, या माणसाला काहीही विचारा, उत्तर इंचात मिळतं. खरं आहे तिचं, मी बोलणारा नव्हे. पण गेल्या मार्चमध्ये परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांच्या समोर मी एक वाक्य बोलून गेलो आणि तेव्हापासून माझं तोंड बंद व्हायला तयार नाही. वय त्रेपन्न, गुडघे दुखतात, आणि मी काच कापता कापता शीळ घालतो. गिऱ्हाइकं बघत राहतात.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो. चौकटी करणं हा त्यातला अर्धा भाग. एकाने सासऱ्यांच्या फोटोला जितकी अरुंद पट्टी मिळेल तितकी मागितली होती. भिंत लहान होती म्हणून नव्हे, राग मोठा होता म्हणून. दुसऱ्या एका गृहस्थांनी लग्नाचा फोटो आणला आणि दोघांना दोन वेगळ्या चौकटी करा म्हणाले, पण एकाच खिळ्यावर टांगता आल्या पाहिजेत. केल्या. धंद्याचा दुसरा अर्धा भाग लोकांना दिसत नाही. चित्रकाराचा कॅनव्हास तयार करायचा. लाकडाच्या चौकटीवर जाड कापड ताणायचं, नेहमी मधून सुरू करून कोपऱ्यांकडे जायचं, मग सरसाचा हात द्यायचा, मग पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात. नीट ताणलेल्या कापडावर टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. हे मी शिकलो ते इंदूताईंकडे, आणि लिहायचंय तेही त्यांच्याबद्दलच.

संपाच्या आधी मी परळच्या एका गिरणीत होतो, फोल्डिंग खात्यात. विणून, धुऊन, रंगवून आलेलं कापड आमच्यासमोरच्या उतरत्या टेबलावरून उजेडात सरकत जायचं आणि आम्ही त्यातले दोष हेरायचे. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग. डाग राहिला तर ताग्याची किंमत पडायची. माझं काम डाग काढण्याचं. उग्र वासाच्या औषधात फडकं बुडवायचं आणि डाग बाहेरून आत पुसत आणायचा. आतून बाहेर पुसलात तर तो पसरतो आणि जन्मभर राहतो. मी इतका पटाईत होतो की आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणायचा, "दत्ताराम, तू चंद्रावर गेलास तर तोही पुसून येशील." वयाच्या तेविसाव्या वर्षी एवढा मान पुरे होता मला. मग संप झाला. पहिले काही महिने आम्ही सभांना गेलो, नंतर कॅरम खेळलो, नंतर कॅरमही खेळवेना.

अशात लालबागला आमच्या चाळीत एक बाई आल्या. उंच, खादीची साडी, पायात पुरुषी चपला. गिरणीच्या विक्रीच्या दुकानातून त्या जाड डक कापड न्यायच्या. दुकान बंद. "मला कापड ओळखणारा माणूस हवाय," त्या गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या इंदूताई. दादरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दोन खोल्या, पुढची पूर्ण रिकामी, फक्त जमिनीवर कॅनव्हास. तिथे मी कामाला लागलो. घरी सांगितलं, रंगकाम मिळालंय. दुसऱ्या महिन्यात वडिलांनी विचारलं, "त्या बायच्या घराक कलर मारतंस मां? किती भिंती हत?"

"एकच."

"दोन म्हयने एकच भिंत? ती बाय खुळी का तू?"

दोघंही होतो, असं आता वाटतं. टर्पेंटाइनच्या वासाने मला सकाळपासूनच हलकं वाटायचं आणि ताई तर कॅनव्हासभोवती अनवाणी फेऱ्या मारायच्या. तीन-तीन दिवस नुसत्या फेऱ्या. चिवडा खायच्या, थांबायच्या, मान वाकडी करायच्या. मग अचानक झाडूएवढा ब्रश उचलून एका श्वासात एक फटकारा. संपलं! तो श्वास मीही रोखून धरायचो. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्यांनी फटकारा इतका सावकाश ओढला की मी भिंतीला टेकलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या बोलल्या, "अरे, रंगवतेय मी, मरतोयस तू!"

हे वेड चिनी होतं. दादरला एक चिनी दातांचे डॉक्टर होते, लिऊ. त्यांच्या दवाखान्यात ताई एकदा सुजलेला गाल घेऊन गेल्या तेव्हा समोर एक लांबलचक गुंडाळीचं चित्र टांगलेलं. वर डोंगर, खाली पाणी आणि मध्ये काहीच नाही, कोरा कागद. तोंडात कापूस असताना ताईंनी बोटाने विचारलं, मध्ये काय? डॉक्टर म्हणाले, "बीच में धुआँ है, बाई. और आप हैं." दात काढून झाला तरी ताई उठेनात. पुढे दोन वर्षं दर शनिवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, त्या डॉक्टरांकडे ब्रश धरायला शिकल्या. दोन वर्षांत दोनच गोष्टी, एक आडवी रेघ आणि एक ठिपका. ठिपक्यावर डॉक्टरांचा विशेष जीव. "नुक्ता रखने का नहीं, बाई. गिरने देने का. जामुन जैसा."

ताईंचा हट्ट हा की हे सगळं तेलरंगात करायचं. मला पहिल्यांदा कळेना, शाई आणि कागद असताना तेलाची दगदग कशाला. त्यांनी समजावलं. "शाई एकदाच ऐकते, दत्ताराम. चुकली की चुकली. तेलरंग माणसाचे लाड करतो. खरवडा, पुसा, परत लावा. सगळ्या सवलती असून एकही घ्यायची नाही, असं मला करून बघायचंय." म्हणून त्या ट्यूबमधला काळा वापरत नसत. गडद तपकिरी आणि गडद निळा एकत्र घोटून, जवसाच्या तेलात सैल करून, मी तो काळा बनवायचो. त्यांच्या चित्रात डोंगर म्हणावा असा डोंगर नसायचा, झाड म्हणावं असं झाड नसायचं. दोन-तीन फटकारे आणि उरलेलं पांढरं. त्या पांढऱ्यावरून पाल गेली तरी त्या किंचाळायच्या.

शेजारी गोडबोलेकाकूंचा कुकर. एकदा ऐन फटकाऱ्याच्या वेळी शिटी झाली आणि ब्रश चार बोटं घसरला. ताई बाहेर जाऊन म्हणाल्या, "काकू, दहा मिनिटं कुकर लावू नका."

काकू म्हणाल्या, "डाळ शिजू दे की! तुमचा डोंगर काय पळून चाललाय?"

हसलो आम्ही खूप. ते वर्ष असंच गेलं, हसण्यात. बाहेर माणसं देशोधडीला लागत होती आणि मी गिरगावात श्वास रोखून आनंदात होतो, याचीही मला लाज वाटायची. पण खरी लाज पुढची.

सहा फूट बाय चार फूट असा एक कॅनव्हास ताईंनी माझ्याकडून करून घेतला होता. तोवरचं सर्वांत मोठं चित्र. महिनाभर फेऱ्याच चालल्या. त्याच काळात केव्हातरी त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं. आईला शेवटी मुलीचं नावही आठवत नव्हतं. "मला दुसऱ्या कशाची भीती वाटत नाही," ताई म्हणाल्या, "एवढीच वाटते." मी "हं" केलं. माझ्याकडून तेवढंच व्हायचं.

एका सकाळी मी काळा घोटला, रंगाचं भांडं हात लांब करून कॅनव्हासवरून पलीकडे नेऊन ठेवलं आणि टर्पेंटाइन आणायला गेलो. दुपारी दोनच्या सुमारास परत आलो. दाराला नुसती कडी. ताई नाहीत. जमिनीवर चित्र झालेलं! उजव्या कोपऱ्यातून उतरणारे तीन फटकारे, असे की मी चपला हातात घेऊन उभाच राहिलो. कापूस पिंजताना उडावा तसा शेवटच्या फटकाऱ्याचा कडेचा रंग विरत गेला होता. आणि त्याच्या खाली, मधोमध, त्या अख्ख्या कोऱ्या पांढऱ्यात, एक डाग.

जांभळाएवढा. ओला.

भांडं मीच तिथून नेलं होतं! माझ्याच हातून सांडला. महिनाभराची तपश्चर्या, आणि मी तिच्यावर रंग सांडला. दुसरं काही सुचलंच नाही. माझे डोळे गिरणीचे. पांढऱ्यावर काळं दिसलं की तो दोष. फडकं घेतलं, टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, बाहेरून आत, बाहेरून आत. मग पांढऱ्याचा एवढासा हात. काय सांगू, माझ्या आयुष्यातलं सर्वांत सफाईचं काम ते. उजेडात तिरकं बघितलं, सावलीसुद्धा नाही. स्वतःवरच खूश होऊन मी फडकं खिशात कोंबलं.

तेवढ्यात जिन्यावर आवाज. ताई लिऊ डॉक्टरांना टॅक्सीत घालून दादरहून घेऊन आल्या होत्या. पंचाहत्तरीचा माणूस, तीन जिने चढून धापा टाकतोय, आणि ताई पुढे लहान मुलीसारख्या उड्या मारत. "डॉक्टर, पडला! ठेवला नाही, पडला! बघा तुम्ही, बघाच!" त्यांनी डॉक्टरांना खांद्याला धरून कॅनव्हासपुढे उभं केलं, आणि मग स्वतः खाली बघितलं.

त्या वेळी मला कळलं.

मग ताईंनी अगदी हळू विचारलं, "दत्ताराम, इथे थेंब होता ना?"

एक "हो" म्हणायचा होता. मी म्हटलं, "नाही ताई. मी आलो तेव्हा असंच होतं."

का? घाबरलो. काम जाईल, ताई जातील, तो श्वास रोखायचा खेळ जाईल. तेवढं एकच घर होतं जिथे मला कुणी संपाबद्दल विचारत नव्हतं. डॉक्टरांनी चित्र पाहिलं, मान हलवली. "अच्छा है, बाई. खाली है, अच्छा है." आणि ताईंचा चेहरा बघून, त्यांना धीर द्यावा म्हणून, म्हणाले, "दाँत निकालने के बाद भी जीभ को लगता है दाँत है. होता है ऐसा."

ताई खाली बसल्या. "होतं असं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आईचं नाव कुणी घेतलं नाही, पण खोलीत ती आईच येऊन बसल्यासारखं झालं.

चित्र वाळल्यावर फोर्टातल्या प्रदर्शनाला न्यायचं होतं. जिन्यातून ते वळेना. मी लालबागहून चार विणकर आणले, संपकरी, दंडात ताकद आणि दिवस मोकळा. गॅलरीतून दोरांनी खाली सोडलं. सगळी चाळ कठड्यावर. "सावकाश! डावीकडे! अरे, गणपती हाय तो, गणपती!" खाली हातगाडीवर ठेवलं, वाऱ्याने ते शिडासारखं फुगलं आणि त्या चौघांतला बाबल्या त्याला धरून पंधरा पावलं नाचतच गेला. धोबीतलावपर्यंत आमची मिरवणूक. सिग्नलला एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "क्या है?" बाबल्या म्हणाला, "चायना!"

प्रदर्शनात लोक त्या कोऱ्या जागेपुढेच थांबायचे. एक दाढीवाले गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "काय हे धाडस! मध्ये काहीही न ठेवण्याचं धाडस!" मला हसू येत होतं आणि ओकारीही. मागून बाबल्याचा आवाज खणखणीत आला, "दत्या, मधी रंगवूक इसारली की काय रे ती बाय?" सगळा हॉल हसला. ताईही हसल्या. पण मी त्यांच्याजवळ उभा होतो. हसताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

चित्र एका परदेशी जोडप्याने घेतलं आणि ते बोटीतून गेलं. कुठे, मला माहीत नाही.

त्यानंतर ताईंनी मोठं चित्र केलं नाही. पोस्टकार्डाएवढी करायच्या. आणि प्रत्येक वेळी मला शेजारी बसवायच्या, हातात वही देऊन. "आता ठिपका पडतोय. पडला. दिसला तुला? लिही. डावीकडे खाली, एक ठिपका." मी लिहायचो, सही करायचो. त्या म्हणायच्या, "तुझी नजर गिरणीची. तुला खोटं दिसणार नाही." पुढे मी स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, तरी दर रविवारी सकाळी तिसरा मजला चढून साक्षीदार म्हणून बसायला जायचो. चोरालाच पंच केलेला! कितीदा तोंड उघडलं. मग वाटायचं, आता सांगून काय, लिऊ डॉक्टर गेले, चित्र गेलं. असं म्हणत म्हणत तीस वर्षं.

आता ताई त्र्याऐंशीच्या. हल्ली त्या खरंच विसरतात. चष्मा, दूध, वार. त्यांच्या भाचीने परळला एका डॉक्टरांची वेळ घेतली, तिला ऑफिस होतं म्हणून मी घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, शांत. फुलांची नावं विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले. ताईंनी केलं बऱ्यापैकी. मग त्यांनी पेन सरसावून विचारलं, "हे पहिल्यांदा कधी जाणवलं, आजी?"

"माझं जुनं आहे," ताई म्हणाल्या, अगदी सहज, जणू पत्ता सांगताहेत. "तीस वर्षं झाली. मी एक थेंब टाकला असं मला वाटलं होतं. तो नव्हताच."

डॉक्टर लिहायला लागले. पेन कागदावर चाललेला मला दिसत होता. गिरणीत मशीनमध्ये हात जाताना दिसावा तसं काहीतरी झालं, आणि मी ओरडलोच, "होता!"

डॉक्टरांनी वर पाहिलं. "आपण कोण?"

"मी पुसला! डॉक्टर, थेंब होता. जांभळाएवढा. मी पुसला आणि नाही म्हणून सांगितलं. यांना काही झालं नव्हतं. मला झालं होतं."

ताईंनी सावकाश मान माझ्याकडे वळवली. मी जमिनीकडे बघत राहिलो. त्यांचा पहिला प्रश्न काय असावा? "कसा पुसलास?"

"बाहेरून आत."

"आणि वरून पांढरा?"

"एक हात. पातळ."

"म्हणून दिसला नाही." मग डॉक्टरांकडे वळून, शाळेतल्या आवाजात, "ते तीस वर्षांचं वाक्य आधी खोडा. खोडलं? दाखवा मला." बिचाऱ्यांनी कागद फिरवून दाखवला. "आता मी विसरते, ते म्हातारपणामुळे. ते माझं मी बघून घेईन. त्या दिवशीचं माझं नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात त्या बाकावर बसल्या आणि माझ्याशी बोलल्या नाहीत. टॅक्सीत बोलल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर दार माझ्या तोंडावर लावलं. पाच रविवार मी जिना चढून परत उतरलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दार लावणारच. मी असते तर कडीही काढली नसती." सहाव्या रविवारी दुकानात फोन. "सहा बाय चार ताणून आण. आणि वही आणू नकोस."

आणला. जिन्यातून वळत नाही म्हणून चौकटीच्या पट्ट्या वर नेऊन तिथेच जोडल्या आणि आधीच पांढरं करून ठेवलेलं कापड ताणलं, गुडघ्यांवर रांगत, कुरकुरत. टिचकी मारली, वाजलं. ताई खुर्चीत बसून बघत होत्या. काळा मी घोटून दिला. ब्रश त्यांच्या हातात दिला तेव्हा लक्षात आलं, हात थरथरतोय, चांगलाच. त्या कॅनव्हासच्या कडेला उभ्या राहिल्या, मी कंबरेला धरलं. फेऱ्या नाहीत, काही नाही. ब्रश पांढऱ्यावर धरला आणि थेंब पडायला लागले. एक इथे, तीन तिथे, एक माझ्या पायावर. त्यांना थांबवता येईना. त्या थांबवतही नव्हत्या. शेवटी ब्रश हातातून सुटून तोच धपकन पडला.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

"यातला पडू दिलेला कुठला आणि सांडलेला कुठला, सांग बघू," ताई म्हणाल्या.

मी नीट बघितलं. अकरा थेंब होते. डोळे बारीक केले, तिरकं बघितलं, उजेडाच्या बाजूने बघितलं. सांगता येईना.

"नाही कळत, ताई."

"मलाही नाही!" त्या म्हणाल्या, आणि अशा हसायला लागल्या की मला त्यांना जमिनीवर बसवावं लागलं. मीही बसलो. फडकं हाताशीच होतं. ते मी खिडकीतून खाली टाकलं, तर खालून कुणीतरी शिवी दिली.